कडधान्यातलं कुलूप

औंधच्या बाजारात कडधान्यांच्या पोत्यांपुढे उभं राहिलं की या टापूची कुंडली वाचता येते. पाऊस कमी, माळ जास्त. पोत्यांत हुलगा, मटकी, चवळी आणि शेजारच्या कोरेगाव तालुक्यातून आलेला वाघ्या घेवडा. यमाईच्या डोंगराभोवतालच्या खटाव-माणच्या गावांत माणसं पिढ्यान्‌पिढ्या या दाण्यांवर जगली. हुलग्याचं माडगं पिऊन दुष्काळ काढले, मटकीच्या उसळीवर पाहुणचार केले. या भागातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात एक शिस्त न चुकता पाळली जाते. कडधान्य रात्री भिजत घालायचं, सकाळी ते पाणी ओतून द्यायचं, सवड असेल तर फडक्यात बांधून मोड आणायचे आणि मग बोटचेपं होईस्तोवर शिजवायचं. कच्चट राहिलं तर घरादारानं पोट धरून बसायचं. सासूनं सुनेला सांगितलं, सुनेनं लेकीला. असं का, हे विचारायला चुलीपुढे कुणाला फुरसत होती?

ते विचारणारी एक बाई मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये होती. तिचं नाव डॉ. कमला सोहोनी. १९५०च्या दशकात तिनं आणि तिच्या विद्यार्थ्यांनी आपल्या रोजच्या खाण्यातली कडधान्यं आणि भाज्या प्रयोगशाळेच्या टेबलावर आणल्या. त्यांच्यात एक अदृश्य कुलूप असतं, त्याची त्यांनी एकेक करून नोंद घेतली.

हे कुलूप समजून घ्यायला थोडं पोटात शिरावं लागेल. आपण खाल्लेली प्रथिनं म्हणजे लांबलचक साखळ्या. त्या जशाच्या तशा अंगी लागत नाहीत, आधी तुकडे व्हावे लागतात. हे तुकडे करायला शरीर कात्र्या बनवतं. त्यांना शास्त्रात एन्झाइम म्हणतात, आपल्या पाठ्यपुस्तकांत विकर. स्वादुपिंडातून येणारं ट्रिप्सिन ही त्यातली एक धारदार कात्री. कच्च्या कडधान्यात असा एक पदार्थ असतो, की तो या कात्रीच्या पात्यांत जाऊन अडकतो आणि कात्री मिटूच देत नाही. दाणा म्हणजे झाडाचं मूल. किडीनं किंवा जनावरानं ते सुखासुखी पचवू नये म्हणून झाडानंच केलेली ही तजवीज. चांगलं शिजवलं की यातली बहुतेक कुलपं निकामी होतात. आपल्या आज्या-पणज्यांचं शहाणपण ते हेच.

कमलाबाईंच्या चरित्राकडे पाहिलं की वाटतं, बंद दारांशी आणि कुलपांशी या बाईची गाठ जन्मभर पडत गेली.

त्यांचा जन्म १९११चा, इंदूरचा. माहेरचं आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून शिकून बाहेर पडलेले. थोरल्या बहिणीचं नाव सांगितलं तर मराठी वाचकाला या घराण्याचं पाणी वेगळं सांगायला नको. ती बहीण म्हणजे दुर्गा भागवत. एकीनं लोकसाहित्याचा ध्यास घेतला, दुसरीनं परीक्षानळीचा. आपल्याला जे पटलं आहे ते समोर कोण बसलंय याचा हिशेब न करता बोलायचं, ही खोड मात्र दोघींची एकच.

१९३३ मध्ये कमला भागवत मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, रसायनशास्त्र घेऊन आणि वरच्या क्रमांकानं. वडील-काका जिथे शिकले तिथेच संशोधन करायचं हे जणू ठरलेलंच होतं. अर्ज बंगलोरला गेला. संस्थेच्या संचालकपदी त्याच वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन आले होते. तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेलं, देशभर नाव दुमदुमत होतं. त्यांनी अर्ज नाकारला. गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर अर्जदार मुलगी आहे म्हणून. मुलींचं संशोधनाच्या कामात काही चालत नाही, असं त्यांचं मत होतं.

इथे बावीस वर्षांची दुसरी एखादी मुलगी घरी बसली असती, किंवा घरच्यांनी बसवली असती. कमला गाडीत बसून बंगलोरला गेली. देशात गांधीजींच्या सत्याग्रहाचे दिवस होते. नकाराचं कारण द्या, नाहीतर प्रवेश द्या, त्याखेरीज मी हटणार नाही, असा पवित्रा तिनं संचालकांच्या कचेरीतच घेतला. अखेर रामन नमले, पण अटी घालून. पहिलं वर्ष ती उमेदवारीवर राहील. संचालकांचं समाधान होईपर्यंत तिचं काम अधिकृत धरलं जाणार नाही. आणि तिच्या वावरण्यानं पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये.

मी आयुष्य बँकेत काढलं. तिथे प्रोबेशन सगळ्यांनाच असतं, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण तुम्ही वर्षभर खपून टाकलेल्या नोंदी खात्यात धरायच्या की नाही हे नंतर ठरवू, असं कुठल्या कारकुनालाही कुणी सांगत नाही. आणि तिसऱ्या अटीबद्दल तर काय बोलावं? दुसऱ्यांचं लक्ष कुठे जातं याचा जामीनही हिनंच द्यायचा! रामन यांच्या थोरवीला यामुळे बाध येतो असं मी म्हणणार नाही. प्रकाशाचं विखुरणं ज्यांना दिसलं त्यांना समोर उभ्या असलेल्या मुलीची गुणवत्ता दिसली नाही, एवढं मात्र म्हणायलाच हवं. कमलानं अटी मान्य केल्या. अपमान मात्र विसरली नाही. पुढे कित्येक वर्षांनी, स्वतः ज्येष्ठ झाल्यावर, स्त्री-वैज्ञानिकांसमोर बोलताना त्यांनी ही गोष्ट कसलीही साखर न लावता सांगितली.

बंगलोरला त्यांना एम. श्रीनिवासय्या हे गुरू भेटले. शिस्तीचे कडक, पण विद्यार्थी मुलगा की मुलगी हे न बघता कामाला जुंपणारे. दूध, डाळी आणि कडधान्यं यांतली प्रथिनं हा विषय तिथेच कमलाच्या हाती आला. ज्या देशात बहुतेकांच्या ताटात मांस येत नाही, तिथे प्रथिनांचा प्रश्न म्हणजे डाळीचा प्रश्न, इतकं साधं ते गणित. वर्षभरानं रामन यांचं समाधान झालं आणि काम अधिकृत ठरलं. त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये कमला विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाली.

पुढचं दार केंब्रिजचं. सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स म्हणजे जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९चं नोबेल मिळालेले जीवरसायनशास्त्राचे पितामह. त्यांच्या प्रयोगशाळेत स्त्रियांना मज्जाव नव्हता, उलट त्या काळाच्या मानानं तिथे स्त्रिया पुष्कळ होत्या. अडचण निराळीच निघाली. बसायला जागाच नव्हती. तेव्हा डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकानं आपलं टेबल देऊ केलं. दिवसा हिनं काम करावं, तो रात्री करील. एका शहरात मुलीनं आत येऊ नये म्हणून अटी, आणि दुसऱ्या शहरात तिला जागा व्हावी म्हणून एक माणूस रात्रपाळी पत्करतो! न्यूनहॅम कॉलेजात कमलाचं नाव दाखल झालं. पण केंब्रिजचंही फार कौतुक करायला नको. त्या विद्यापीठानं स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं पूर्ण पदवीधर म्हणून मान्य केलं ते १९४८ मध्ये.

रिक्टरबरोबर तिनं प्राण्यांच्या शरीरातल्या विकरांवर काम केलं. मग ती रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींकडे वळली, आणि इथे पुन्हा स्वयंपाकघर येतं. बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो, हे पाहिलं नाही असं घर नसेल. हवेतला ऑक्सिजन आणि बटाट्यातलं एक विकर यांचा तो उद्योग. वनस्पतींच्या पेशी श्वास घेतात तेव्हा ऑक्सिजन वापरण्याचं मुख्य कामही हेच काळं पाडणारं विकर करत असावं, असं तेव्हा काही शास्त्रज्ञांना वाटे. प्राण्यांच्या पेशींत हे काम सायटोक्रोम नावाच्या, लोह बाळगणाऱ्या प्रथिनांची साखळी करते, हे केंब्रिजमध्येच डेव्हिड कीलिन यांनी १९२५ पासून दाखवत आणलं होतं. कमला भागवत आणि हिल यांनी बटाट्यात सायटोक्रोम सी दाखवून दिलं. त्या साखळीच्या शेवटचं विकरही उच्च वनस्पतींत असतं, हेही दाखवलं. म्हणजे माणूस, घोडा आणि बटाटा यांची श्वास घेण्याची यंत्रणा मुळात एकच. ही गोष्ट आज शाळेतल्या पुस्तकात दोन ओळींत येते, त्यामुळे तिचं नवल उरलेलं नाही.

या कामाचा प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता आणि तो सुमारे चौदा महिन्यांत तयार झाला. १९३९ मध्ये कमलाला पीएच.डी. मिळाली. केंब्रिजची विज्ञानातली ही पदवी मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. योगायोग असा, की त्याच वर्षाच्या जानेवारीत इकडे औंधला राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झालेली घटना अमलात आणून आपली सत्ता रयतेच्या हाती दिली होती. छोटंसं संस्थान, साताऱ्यापासून आटपाडीपर्यंत तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेलं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काही नाही. पण दार उघडण्याचे ते दिवस होते आणि ते उघडायला आतला आणि बाहेरचा असे दोघे लागतात, एवढं त्या वर्षाकडे पाहून मनात येतं.

परत आल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायन विभागाची प्रमुख, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक, असा प्रवास झाला. कुन्नूरला वरची जागा मिळण्याची चिन्हं दिसेनात. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला. हे विम्याचं गणित मांडणारे अ‍ॅक्चुअरी. कमलाबाई मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

मला वाटतं, त्यांची खरी निवड इथे दिसते. केंब्रिजहून आलेल्या माणसाला केंब्रिजचेच प्रश्न पुढे चालवत राहणं सोपं आणि प्रतिष्ठेचं असतं. कमलाबाईंनी पावटा, डबल बी, नीरा, ताडगूळ असले विषय घेतले. ताडा-माडाच्या ताज्या रसाचा, म्हणजे नीरेचा अभ्यास करावा ही सूचना राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांची. त्यात लोह आणि जीवनसत्त्वं किती हे त्यांनी मोजलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिल्यानं प्रकृतीत फरक पडतो, असंही त्यांच्या कामातून दिसलं. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दुग्धप्रकल्पाला त्यांनी सल्ला दिला. आणि कडधान्यांतली कुलपं. ट्रिप्सिनला अडवणारे पदार्थ कोणत्या भारतीय अन्नात किती, यावरचे त्यांचे निबंध १९५४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. पावट्यात रक्तपेशींना एकमेकींना चिकटवणारं एक प्रथिन असतं, त्यावरचं काम १९६५चं.

आता थोडं पुढच्या काळात येऊ, कारण या कुलपाची गोष्ट कमलाबाईंच्या प्रयोगशाळेत संपली नाही.

प्रथिनं कापणाऱ्या कात्र्या निसर्गात आहेत, तशा जनुकांचा धागा, म्हणजे डीएनए, कापणाऱ्याही आहेत. जिवाणूंवर विषाणूंची धाड पडते तेव्हा जिवाणू आपल्या विकरांनी त्या पाहुण्याचा डीएनए कापून काढतात. गंमत अशी, की ही कात्री कुठेही चालत नाही. धाग्यावरची ठरावीक अक्षरं आली की तिथेच कापते. मग जिवाणूचा स्वतःचा धागा का कापला जात नाही? कारण दुसरं एक विकर त्या जागांवर आधीच एक छोटी रासायनिक खूण करून ठेवतं. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर, ज्यावर शिक्का तो कागद आपला, बिनशिक्क्याचा परका. १९७० मध्ये हॅमिल्टन स्मिथ यांनी अशी नेमक्या जागी कापणारी कात्री वेगळी करून दाखवली. १९७८चं नोबेल त्यांना, वेर्नर आर्बर आणि डॅनियल नेथन्स यांना मिळालं. तुटलेली टोकं सांधणारा रफूगारही निसर्गानं ठेवला आहेच. लायगेज हे त्याचं नाव, १९६७ मध्ये तो एकाच सुमारास वेगवेगळ्या प्रयोगशाळांना सापडला. आपल्याच पंजाबात जन्मलेले हरगोविंद खुराना यांनी १९७० मध्ये जगातलं पहिलं कृत्रिम जनुक जुळवल्याचं जाहीर केलं, ते याच रफूगाराच्या हातून छोटे छोटे तुकडे जोडून. याखेरीज धाग्याच्या टोकाला फॉस्फेट लावणारी आणि ते काढून घेणारी विकरं असतात. शिंप्यानं दोरा ओवण्याआधी टोकाला पीळ द्यावा, तसं त्यांचं काम. कापणं, टोक तयार करणं, सांधणं. जनुक अभियांत्रिकी हे भारदस्त नाव या शिंपीकामाला आहे. आणि वनस्पती असो की माणूस, आपल्या पेशीतला रफूगार सांधा घालताना जी ऊर्जा खर्च करतो ती एटीपीच्या नाण्यांत. ही नाणी मोठ्या प्रमाणावर पाडणारी टांकसाळ कुठली? तर कमलाबाईंनी बटाट्यात ज्याचा एक दुवा दाखवला, ती सायटोक्रोमची साखळी.

१९८७ मध्ये इंग्लंडातल्या डरहॅमच्या शास्त्रज्ञांनी चवळीतलं कुलपाचं जनुक, म्हणजे ट्रिप्सिन अडवणाऱ्या प्रथिनाची आज्ञा, तंबाखूच्या रोपात घातली. ती पानं खाणाऱ्या अळीला ती नीट पचेनात, रोपं बचावली. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही हरभऱ्यावरच्या घाटेअळीच्या पोटातलं ट्रिप्सिन कुठल्या वनस्पतीच्या कुलपानं बंद पडतं, याचा अभ्यास पुढे वर्षानुवर्षं झाला. घाटेअळी ही काय चीज आहे हे हरभरा लावणाऱ्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. अळीही हुशार असते म्हणा. एका कुलपाला दाद न देणारी दुसरी कात्री ती पोटात तयार करते. म्हणून हा मार्ग वाटला तितका सरळ निघाला नाही. आपल्या शेतात २००२ पासून आलेल्या बीटी कापसातलं जनुक कडधान्याचं नव्हे, ते मातीतल्या एका जिवाणूचं. या बियाण्यांवरचे वाद आपल्याला माहीत आहेत, त्यात आज शिरत नाही. सांगायचं ते इतकंच, की कुणी काय कुठे जोडावं हा प्रश्न पडण्याआधी, कुठल्या दाण्यात काय आहे हे कुणीतरी मान मोडून मोजलेलं असावं लागतं. त्या मोजणाऱ्यांत मुंबईची ही मराठी बाई होती.

इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं संचालकपद त्यांच्याकडे यायला हवं होतं तेव्हा आलं नाही, चार वर्षं लांबलं. संस्थेतलं राजकारण आणि त्या स्त्री असणं, दोन्ही आड आलं. नोबेल मिळवणाऱ्यानं दार अडवलं त्याची निदान कथा होते. फायली या टेबलावरून त्या टेबलावर फिरवत चार वर्षं दार अडवून धरणाऱ्यांची नावं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. अखेर त्या संचालक झाल्या.

डिसेंबर १९७५ मध्ये आमच्या सातारा जिल्ह्यात, कराडला, साहित्य संमेलन भरलं. आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि अध्यक्षपदावर दुर्गाबाई भागवत. भर मांडवात त्यांनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली आणि पुढे तुरुंग पत्करला. ते या भागात अजून सांगितलं जातं. बंगलोरच्या कचेरीत हटून बसलेल्या धाकट्या बहिणीची गोष्ट मात्र इकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. कराडच्या आधी बेचाळीस वर्षं धाकटीनं तोच हट्ट केला होता. फक्त तिच्यासमोर मांडव नव्हता.

कमलाबाईंचा उत्तरकाळही स्वयंपाकघराच्या आसपासच गेला. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहकांसाठी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. त्या नऊजणींत एक कमलाबाई होत्या. वाणसामानात काय भेसळ असते आणि ती ओळखायची कशी, हे त्या गृहिणींना सांगत. संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकात त्या लिहीत. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. मुलांसाठी मराठीतून विज्ञानाची पुस्तकंही त्यांनी लिहिली.

दिल्लीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुखपदी डॉ. जी. व्ही. सत्यवती होत्या, त्या जागेवर आलेल्या पहिल्या स्त्री. कमलाबाईंची हकिगत त्यांच्या कानी आली आणि त्यांनी मानानं बोलावून घेतलं. भरल्या सभेत सत्कार झाला. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या, आणि १९९८ मध्ये त्या गेल्या.